मूक थर

बेटावरच्या निर्क्षारीकरण केंद्रात दर खंडेनवमीला एक नळी उघडत आणि आतल्या गुंडाळलेल्या पटलाची पूजा करत. समुद्राच्या पाण्यातलं मीठ अडवणारं हे पटल म्हणजे कामगारांचं हत्यार.

यंदा नळी उघडायची गरज नाही, असं केंद्राच्या संशोधक डॉ. विभावरी खोत यांचं मत होतं. पूजाच करायची तर माझ्या संवादमापकाची करा, असं त्या म्हणाल्या.

"तुमच्या डबीला कुंकू लावलं तर तुम्हीच ओरडाल, मॅडम," केंद्रप्रमुख रशीद मुकादम म्हणाले. "पोरांचा सण आहे. उघडू देत."

संवादमापक हा विभावरीबाईंचा शोध. पटलावर बसणारे सूक्ष्मजीव रासायनिक खुणांनी एकमेकांना हाक मारतात आणि पुरेसे जमले की चिकट थर बांधतात. मापक त्या हाका मोजून पटल कधी तुंबणार ते आधीच सांगे. पुढे त्यांनी पाण्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडलं. ते या खुणाच तोडून टाकी. तेव्हापासून मापक शून्यावर होता. त्याच भरवशावर बेटाची एकमेव टाकी दुरुस्तीसाठी रिकामी करायला त्यांनी लेखी संमती दिली होती.

पंपाचा दाब थोडा वाढला होता, पण पावसाळा सरला की समुद्राचा खारटपणा पुन्हा वाढतोच, म्हणून दोघांनीही दोष मिठाला दिला होता.

झाकण निघालं आणि कुजकट वास आला. बाहेर ओढलेल्या पटलावर जाड, तपकिरी बुळबुळीत थर होता. दुसरी नळी उघडली. तिसरी. सगळीकडे तेच.

"मापक बिघडलाय," मुकादम कसेबसे म्हणाले.

विभावरीबाईंनी थराचा तुकडा खरवडून मापकात ठेवला. शून्य. मग प्रयोगशाळेत जपलेल्या, विकर सोडण्याआधीच्या जिवाणूंचा थेंब ठेवला. काटा उसळला.

"नाही हो. मापक ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हाकेवाचून ज्यांचं चालत नव्हतं, त्यांना मी थांबवलं. न बोलता थर बांधणारेही थोडे असणार. त्यांना सगळी जागा मोकळी मिळाली."

"औषधानं धुऊ या का?"

"थर पातळ असता तर निघाला असता. आता नवीन पटलं हवीत."

"ती बोटीनं येणार. तोवर हे चालेल?"

"नाही. आज उघडलं नसतं, तरी फार दिवस चाललं नसतं."

टाकीतलं पाणी सोडू नका, हे सांगायला मुकादमांनी टाकीवर फोन लावला. पलीकडचं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"पहाटेच सोडलं सगळं पाणी," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर."

सवयीनं विभावरीबाईंची नजर मापकाकडे गेली. त्यानं आपला रोजचा अंदाज नुकताच दिला होता: पटलं स्वच्छ, तीन महिने चिंता नाही.

दारात झेंडूचा हार घेऊन उभा असलेला फिटर विचारत होता, "साहेब, हार कशाला घालू?"