न वाचलेला चेहरा

क्लबात सगळे त्याला एक्सरे म्हणत. पत्त्यांवर पोट भरणारा माणूस. नशीब-बिशीब सब झूठ, आपण समोरच्याचं तोंड वाचायचं, एवढंच त्याचं भांडवल. कोण थाप मारतोय ते पापणी लवायच्या आत ओळखायचा. आणि घरी? घरी बायको वर्षभर पोट दाबून "काही नाही हो, झोप नाही झाली नीट" म्हणत राहिली आणि या शहाण्याने ते खरं मानलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फर्निचरच्या दुकानावरची खोली, दुपारचे तीन, चहाचे डाग पडलेलं हिरवं कापड. त्या आठवड्यात टेबलावर नवा भिडू आला. पिकल्या दाढीचा शिंपी, खिशाला सुई टोचलेली. त्याचा चेहरा एक्सरेला काही केल्या वाचता येईना. पहिल्याच दिवशी एक्सरे सपाटून हरला.

दुसऱ्या दिवशी पत्ते पिसता पिसता शिंप्याने हात लांब केला, एक्सरेच्या बाहीवरचा धागा उचलला आणि कॉलर सारखी केली. बायको रोज दारात "दुपारी काहीतरी खा हो" म्हणत करायची, अगदी तशी. एक्सरेचा हात कॉलरकडे गेला. मग त्याने स्वतःला समजावलं, शिंपीच तो, कपड्यांकडेच बघणार.

तिसऱ्या दिवशी एक्सरेच्या हातात असे पत्ते आले की आंधळ्यानेही डाव मारावा. त्याने मान वर केली. शिंप्याचा हात बरगडीखाली दाबलेला होता. ओठ पांढरेफटक.

"काय होतंय?"

"काही नाही हो. झोप नाही झाली नीट."

तेच शब्द. तेच ओढूनताणून आणलेलं हसू.

एक्सरेने पत्ते उपडे टाकले. "उठा. हॉस्पिटलात चला."

"अहो, डाव अर्धा टाकून?"

"चुलीत गेला डाव!"

टॅक्सीत शिंप्याने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याने खांदा हलू दिला नाही. हॉस्पिटलात स्ट्रेचर आत गेलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तुमचं कोण?"

"घरचं माणूस," एक्सरे म्हणाला.

मग बाकावर बसून तो रडला. लाजबीज सोडून, मोठ्याने. बायको गेली तेव्हा रडला नव्हता.

तासाभराने नर्स बाहेर आली. "वेळेवर आणलंत हो. बाईंचा धोका टळला."

"बाई? मी तर शिंप्याला आणलं. दाढीवाले."

"बाईच आहेत हो," नर्स म्हणाली. त्याने तिचा चेहरा निरखला. थाप नव्हती.

"या ना आत," ती म्हणाली. "शुद्धीवर आल्यापासून एकच धोसरा लावलाय त्यांनी. आमच्या ह्यांनी दुपारी काही खाल्लं का, विचारा म्हणून."