कातार्‍याच्या सरळ काठ्या

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली असती तर तिच्यात भूत तरी नीट दाखवलं असतं.

रात्रही नव्हती. रविवारची लख्ख दुपार, साडूंचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणं उरकून आम्ही चौघं हॉलमध्ये पेंगत होतो. मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, आणि ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू.

साडू हे नातं माणूस निवडत नाही. बायकोबरोबर ते पदरात पडतं.

आमच्या साडूंना हौस होती पूलच्या काठ्या जमवण्याची. पूल म्हणजे टेबलावर रंगीत बॉल ढकलायचा तो खेळ. त्या काठीला जाणकार क्यू म्हणतात. कारखान्यातली क्यू साडूंना चालत नसे. कुठल्यातरी एकट्यादुकट्या कारागिराने हाताने घडवलेलीच हवी. खेळता मात्र येत नव्हतं. एकदा खेळले होते, तेव्हा बॉल पडला तो त्यांच्याच पायावर.

क्यूंच्या खोलीला एसी. ताईंच्या खोलीला पंखा.

"लाकूड आहे ते. जपावं लागतं," साडू म्हणायचे.

"मी लाकूड झाले की मलाही जपा," ताई म्हणायच्या.

शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक कातारी होता. एकटाच. लेथवर लाकूड थोडंसं कातायचा, छताला टांगून ठेवायचा, काही महिन्यांनी पुन्हा थोडं कातायचा. तोवर जे वळलं ते जळणात. जे उरलं ते आयुष्यभर सरळ. आणि त्याचा एक हट्ट होता. एका माणसाला एकच क्यू.

साडूंना सगळ्या हव्या होत्या.

"साहेब, तुम्ही खेळत नाही," कातारी म्हणाला. "पहिली दिली तीच माझी चूक."

हे साडूंना झोंबलं. घरी येऊन त्यांनी त्याची ती एकुलती एक क्यू बाथरूममध्ये तिरकी टेकवून ठेवली. गरम पाण्याच्या वाफेत. ताई रोज आंघोळीला जाताना तिला अडखळायच्या. बोलल्या काही नाहीत. क्यू चांगली धनुष्यासारखी झाल्यावर साडूंनी तिचा फोटो काढून हौशी संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'या कातार्‍याच्या क्यू वाकतात. सावध राहा.'

ग्रुपवर साडूंचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. कातार्‍याची सगळी गिऱ्हाइकं फिरली. आधी नेलेल्या क्यूसुद्धा लोकांनी परत आणून टाकल्या.

तो एकदा साडूंच्या दारात आला.

"वाकलेली दाखवा. टेबलावर लोळवून बघू."

"फेकून दिली."

"मग लिहिलंय ते पुसा."

"बघू," साडू म्हणाले आणि दार लावून घेतलं.

वर्ष सरायच्या आत कातारी त्या शेडमध्येच वारला. साडूंनी त्याच्या पुतण्याकडून सगळा साठा एकगठ्ठा उचलला.

हे सगळं मला ताईंनी नंतर सांगितलं. त्या रविवारी मला एवढंच ठाऊक होतं की संध्याकाळी ग्रुपची मंडळी संग्रह बघायला येणार आहेत, आणि साडूंनी त्यासाठी मिशीसुद्धा कोरून घेतली आहे.

तर, आम्ही पेंगत होतो.

आणि क्यूंच्या बंद खोलीतून आवाज आला...

घर्रर्रर्र...

काचेवरून काहीतरी लांब, गोल, सावकाश लोळत गेल्याचा.

त्या खोलीत एक लांबलचक काचेचं टेबल आहे. क्यू सरळ आहे का ते त्यावर लोळवून बघतात. सरळ असली तर आवाज एकसंध येतो. वाकडी असली तर ठेचकाळते.

"कोण आहे आत?" बायकोने विचारलं.

"कुणी नाही. किल्ली माझ्या खिशात आहे." साडूंनी खिसा चाचपला. होती.

घर्रर्रर्र...

थांबला.

पुन्हा आला. कुणीतरी एकेक क्यू उचलून तपासत होतं. घाई अजिबात नव्हती.

आणि मग...

घर्र-टक. घर्र-टक. घर्र-टक.

साडूंचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्याकडे वाकडी क्यू नाही!"

घरात भूत असण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं असावं.

पुढची... टक.

त्यापुढची... टक.

त्यांनी कुलूप काढलं. दार ढकललं.

आत कुणीच नव्हतं.

खिडकी बंद. एसी चालू, तरी खोली तापलेली. आणि वास... नुकत्याच कातलेल्या लाकडाचा.

टेबलावर दोन ढीग होते. एकात कातार्‍याच्या क्यू, सुतासारख्या सरळ. दुसऱ्यात बाकीच्या सगळ्या. साडूंनी गावोगावच्या कारागिरांचे उंबरे झिजवून आणलेल्या.

प्रत्येक वाकलेली.

"पुसा ते," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "लिहिलंय ते आत्ता माझ्यासमोर पुसा."

"आज पुसलं तर मी खोटा पडेन. आणि गेला ना तो माणूस? आता त्याला काय फरक पडतो?"

"पडतोय असं दिसतंय," मी ढिगाकडे बघत म्हणालो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. साडूंनी फोनला हात लावला नाही.

संध्याकाळी मंडळी आली. एसी बिघडला होता, असं साडूंनी सांगितलं. सगळ्यांनी मयताला आल्यासारखी चुकचुक केली. मग त्यातल्या एका दातांच्या डॉक्टरने कातार्‍याची क्यू उचलून टेबलावर लोळवली.

एकसंध. लोण्यासारखी.

"अहो, ही तर बाण आहे बाण! तुम्ही तर म्हणाला होतात, याच्या वाकतात?"

ताई साडूंकडे बघत राहिल्या. एका वाक्याचं काम होतं.

साडू हसले.

"वाकेल. धीर धरा. तो माणूसच मुळात वाकडा होता."

आणि ती क्यू घ्यायला ते टेबलावर ओणवे झाले...

कर्रर्र...

लाकडावर ताण आल्यासारखा आवाज. क्यूचा नव्हता.

साडू सरळ झाले नाहीत.

आजतागायत झालेले नाहीत. डॉक्टर झाले, एक्स-रे झाले, माणसाला अख्खं आत घेणारी मशिनं झाली. प्रत्येक रिपोर्टात पाठीचा कणा सरळ.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," हाडांचा डॉक्टर म्हणाला.

"मी वाकलोय! दिसत नाही का तुम्हाला?" साडू फरशीकडे बघत ओरडले.

डॉक्टरने फिल्म उजेडासमोर धरली. "यात तरी नाही दिसत."

ग्रुपवर तर उघडच बोललं गेलं. संग्रह गेला, म्हणून नाटकं चाललीत.

शेवटी साडूंनी ते पुसलं. माफीही लिहिली, चांगली लांबलचक. उपयोग झाला नाही. ज्याने वाचायला हवी होती तो ग्रुपवर नव्हता.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं भेटायला गेलो. साडू खुर्चीत होते. छाती मांड्यांना टेकलेली, नजर फरशीवर. ताई शेजारी बसून त्यांना चमच्याने चहा पाजत होत्या.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "तुम्ही दोघं आणि ही. बरोबर?"

"हो."

"तुमच्याबरोबर आणखी कुणी आलंय?"

"नाही. का हो?"

त्यांनी फरशीकडे बोट केलं.

"मग हे पाय...? अनवाणी आहेत. रोज इथेच असतात. माझ्याकडे तोंड करून."

मी खाली बघितलं. फरशी रिकामी होती.

"आज वळलेत," साडू म्हणाले. "हिच्याकडे."

ताईंचा चमचा हवेतच थांबला. मग त्यांनी आपले पाय अलगद उचलून खुर्चीवर घेतले.

आम्ही लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरलो.

तेव्हापासून बायको रोज सकाळी ताईंना फोन करते. कशी आहेस, असं विचारत नाही. "ताई, सरळ उभी आहेस ना?" एवढंच विचारते.

परवापर्यंत ताई हसून हो म्हणायच्या.