खुडूक कोंबडीचं अंडं

मुनीराच्या पिशवीतलं अंडं एसटीच्या धक्क्यांत पिरंगुटलाच फुटलं. चौऱ्याहत्तर साल. शेतकी शाळेत शिकून नुकतीच ग्रामसेविका झालेली मुनीरा उरवड्याला भाताचं बियाणं निवडून दाखवायला निघाली होती. ताजं अंडं तरंगेपर्यंत पाण्यात मीठ घालायचं आणि मग त्यात बियाणं ओतायचं. भरलेले दाणे तळाशी, हलके वर. आता अंड्यावाचून सगळंच अडलं. उतरल्यावर समोर दिसलेल्या पहिल्या दाराशी ती उभी राहिली.

दारात दोरी वळत बसलेला इलाही दोरी विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

"एक अंडं मिळेल का?"

"मिळंल की..." म्हणत तो आत पळाला. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि ते तिला आवडले, हेही खरं.

चावडीपुढे गाव जमलं. एरवी चार मुठी मीठ लागायचं, इथे एक मूठ मीठ घालून अंडं सोडलं, तर ते बुडलंच नाही! मुनीराला नवल वाटलं, पण एवढ्या नजरा रोखलेल्या, त्यातली एक तर फारच... तिने घाईने बियाणं ओतलं. जवळजवळ सगळंच तळाशी बसलं. म्हाताऱ्या हैबतरावांनी त्यातला एक दाणा दाताखाली धरला. अर्धाच भरलेला.

"ह्याच्यापरीस आमचं सूप बरं की गं पोरी," ते म्हणाले, आणि माणसं हसत उठू लागली. मुनीराचे डोळे भरून आले. आज ही माणसं उठून गेली, तर पुन्हा तिचं ऐकायला कोण बसणार होतं?

"थांबा," इलाही पुढे आला. "बाई चुकल्या न्हाईत. अंडं खुडूक कोंबडीखालचं हुतं, जुनं. त्ये साध्या पाण्यातबी तरंगतं, म्हणून मीठ कमी पडलं. घरात दुसरं नव्हतं... आन् बाईंना न्हाई म्हणवंना."

गाव खदाखदा हसलं, पण पुन्हा खाली बसलं. हैबतरावांनीच घरून ताजं अंडं मागवलं. या खेपेला चार मुठी मीठ लागलं, हलके दाणे भराभरा वर आले, आणि तळातला दाणा हैबतरावांच्या दाताखाली टच्च भरलेला निघाला.

एसटीची वाट बघताना मुनीराने हळूच विचारलं, "मला 'नाही' का म्हणवेना?"

"आत्ता न्हाई सांगायचा," इलाही जमिनीकडे बघत म्हणाला. "श्रावण लागला की आमची कणगी रिकामी. मग रेशनची लाल मिलो ज्वारी खातो आमी. असल्या घरात कुणाला या म्हणू?"

मग काय, इलाहीच्या खाचरात त्या बियाण्याची रोपं बघायला, लावणी बघायला, लोंब्या बघायला मुनीराच्या फेऱ्या सुरू झाल्या. भातही बघून व्हायचं म्हणा!

पुढल्या वर्षीच्या श्रावणात इलाही सायकल हाणत मुनीराच्या पौडच्या कचेरीत आला. रुमालात जपून आणलेलं अंडं त्याने टेबलावर ठेवलं. त्यावर पेन्सिलीने तारीख घातली होती, आजची.

"कणगीत अजून कमरेएवढं भात हाय," तो म्हणाला. "अम्मी म्हणती, बाईंना जेवायला बोलव."

"एकदाच?"

"न्हाई..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "रोजच्याला."

मुनीराने समोरच्या पाण्याच्या तांब्यात अंडं अलगद सोडलं. ते तळाशी जाऊन निवांत आडवं झालं.

"ताजं आहे," ती हसून म्हणाली. "येईन मी."