डोळे अजून निळेच

वाचनालयात पुस्तके परत टाकायच्या पेटीत त्या दुपारी उशीचा एक अभ्रा पडला होता. गावातले लोक पुस्तके कशातही बांधून आणतात, म्हणून ग्रंथपाल मिस एल्मिराने सहज गाठ सोडली... आणि आतून एका नारिंगी सापाने डोके वर काढले.

ती ओरडली नाही. वाचनालयात ओरडायचे नसते, हे तीच सगळ्यांना सांगत असे.

तेवढ्यात धापा टाकत एक उंच तरुण आत आला. पायात कोळंबीच्या होडीवरचे पांढरे रबरी बूट, हातात दुसरा अभ्रा.

"माफ करा, मिस! दोन अभ्रे होते. एकात पुस्तकं, एकात ही. मी चुकीचा टाकला... घाबरू नका, कॉर्न स्नेक आहे. विषारी नाही. पीच नाव तिचं."

"वाचनालयाचं कार्ड आहे का तिच्याकडे?"

"नाही."

"मग मुक्काम करता येणार नाही. न्या लवकर."

तो हसला, आणि कानापर्यंत लाल झाला. त्याचे नाव अँब्रोज.

पुढच्या आठवड्यात तो पुस्तक घ्यायला आला, तेव्हा पीच त्याच्या मनगटावर होती. नंतर तो येतच राहिला. कधी पुस्तकासाठी, कधी नुसताच. एकदा वाचनालयामागच्या ओकच्या झाडाखाली एल्मिराने हात पुढे केला, तसा तो घाईने म्हणाला, "वरून नको, मिस एल्मिरा. वरून येतो तो ससाणा, असं वाटतं तिला. बाजूनं या, खालून. आणि धरायचं नाही हं... नुसता हात द्यायचा. यायचं तर ती येईल."

पीच आली. गार, कोरडी, संथ. एल्मिराच्या बोटांवरून त्याच्या बोटांवर, पुन्हा एल्मिराच्या. त्या दोघांचे हात एकमेकांना लागले नाहीत. तरीही एल्मिराला रात्रभर तो हात वेगळाच वाटत राहिला. का, हे मला नीट सांगता येईलसे वाटत नाही.

कोळंबीचा हंगाम सुरू झाला आणि अँब्रोज समुद्रावर गेला. पीच एल्मिराकडे राहिली. होडी धक्क्याला लागली की त्याचा फोन यायचा.

"पीचनं खाल्लं?"

"खाल्लं. गोठवलेला उंदीर आधी कोमट पाण्यात ठेवला होता. आणि खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलत नाही. आणखी काही विचारायचंय?"

पलीकडे नुसता वारा. मग, "...पाणी बदललं का तिचं?"

"बदललं!" म्हणत ती फोन आदळायची, आणि मग कितीतरी वेळ फोनजवळच बसून राहायची. खाडीचा खारट वास खिडकीतून यायचा, रातकिडे गायचे. पीचला मनगटावर घेऊन ती म्हणायची, "तुझा मालक फक्त तुझंच विचारतो गं."

हंगाम संपताना त्याने सांगितले, "टेक्सासला चुलतभावानं गोदीत काम बघून ठेवलंय. रविवारी येतो, पीचला घेऊन जातो."

तो आला, तेव्हा पीचचे डोळे दुधाळ निळे झाले होते. कात टाकायच्या आधी होतात तसे. अशा सापाला दिसत नाही. त्याला उचलायचे नाही, प्रवासाला तर न्यायचेच नाही.

"कात टाकेपर्यंत थांबावं लागेल," अँब्रोज म्हणाला. आवाजात फारसे दुःख नव्हते.

तो गावातल्या आपल्या मावशीकडे राहिला. रोज संध्याकाळी उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन एल्मिराच्या पायरीवर उभा राहायचा.

"डोळे?"

"निळे."

मग तासभर गप्पा. टेक्सासचे नाव दोघेही काढत नसत.

पण एके सकाळी, पीचच्या पेटीतल्या ओल्या शेवाळाच्या डब्यात अखंड कात पडलेली होती. डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. एल्मिराने ती अलगद उचलून कपाटात ठेवली.

संध्याकाळी तो आला. "डोळे?"

"नि... निळे."

"बघू?"

नाही म्हणायला तिला कारण सुचेना. त्याने पेटीचे झाकण उचलले. नव्या झळाळीची पीच वर आली आणि लखलखीत डोळ्यांनी तिने मालकाकडे पाहिले.

मग त्याने झाकण लावले.

"फारच निळे आहेत हो."

एल्मिराला मान वर करवेना. "किती... किती दिवस राहतात असे?"

"काही सापांचे आयुष्यभर."

"आणि टेक्सास?"

"कळवतो, साप प्रवासाला धड नाही म्हणून."

"खोटं बोलणार?"

"सुरुवात कुणी केली, एल्मिरा?"

'मिस' कुठे गळून पडले, ते दोघांनाही कळले नाही. ती उठली, कपाटातला मोठा नकाशासंग्रह काढून त्याच्यासमोर उघडला. पीचची कात टेक्सासच्या पानावर पसरली होती. अख्खे राज्य तिच्याखाली झाकून गेले होते.

"तू जाऊ नयेस म्हणून," ती म्हणाली. "पीचसाठी नाही. माझ्यासाठी."

अँब्रोजने हात पुढे केला. बाजूने, खालून, अगदी हळू. धरले नाही त्याने, नुसता हात दिला.

आणि तिचा हात आपणहून आला.