श्वासाची जागा

टीव्ही बंद कर रे. आणि तू, दाराजवळचा, आत सरक. ही ऐकीव गोष्ट नव्हे, आमच्या मेहुण्यांच्या बाबतीत घडलीये. ते पियानो वाजवतात, लोकांच्या गाण्याला साथ करतात. भित्रे नव्हेत. माझ्या ताईशी इतकी वर्षं संसार केलाय, आणखी काय सांगू?

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. तिन्हीसांजेला एका संगीतकाराचा फोन आला. त्याची बायको गायिका होती, घशाच्या आजारानं वर्षापूर्वी गेली. तिच्यासाठी त्यानं एक प्रेमगीत रचलं होतं. एकटा आवाज आणि पियानो, बस. तिच्या आठवणीत त्यातला नुसता पियानो वाजवून द्या, म्हणाला. मेहुण्यांना भरून आलं. जेवण उरकून गेले.

घर चकचकीत, पण दार उघडताच वास आला. फुलदाणीतलं पाणी कुजावं तसा. फुलं कुठंच नव्हती.

पियानोच्या पट्ट्या चिकट होत्या. मेहुण्यांनी रुमालानं पुसल्या. संगीतकार शेजारी खुर्ची ओढून बसला आणि कौतुकानं सांगायला लागला, की डॉक्टरांनी तिला गाणं बंद करायला सांगितलं होतं, पण आपण शेवटपर्यंत तिच्याकडून रोज गाऊन घेतलं. रक्त यायचं. ती बेसिनमध्ये थुंकून आली, की पुन्हा पहिल्यापासून. वरच्या सुराला तिचा आवाज चिरायचा, तिथं तर गाणं फारच गोड व्हायचं म्हणे.

मेहुण्यांना शिसारी आली. पण आता आलोच आहोत, म्हणून त्यांनी वाजवायला घेतलं.

सुरुवात पियानोची. मग एक छोटीशी थांबण्याची जागा, तिथं गाणारीनं श्वास घ्यायचा. मेहुणे थांबले...

मागे कुणीतरी श्वास घेतला.

ओला. घरघरता. तळाशी बुडबुडे फुटल्यासारखा.

वळून पाहिलं. कुणी नाही. संगीतकार मात्र डोळे मिटून हसत होता.

"वाजवा," तो हळूच म्हणाला. "अजून चुकीच्या जागी श्वास घेते. सुधारेल."

बोटं आपोआप चालली. श्वास आता कानाशी. गरम. तोच कुजका वास. पट्ट्या पुन्हा ओल्या... बोटं घसरायला लागली. खाली पाहिलं. लाळ. वरून तार धरून उतरत होती.

'माझा श्वास तुझाच', असे गाण्याचे शब्द होते. ते आले नाहीत. खांद्यामागून एका बाईचा आवाज आला. विनवणीचा.

"पुरे..."

मेहुण्यांनी हात उचलले. पियानोचं झाकण लावलं.

"शेवटचं कडवं राहिलंय," संगीतकार म्हणाला.

"त्यांना पुरे झालंय. मी वाजवणार नाही."

मेहुणे निघाले. त्यानं अडवलं नाही. झाकण उघडलं आणि एका बोटानं स्वतःच सुरू केलं. मेहुण्यांना ते जिन्यात ऐकू येत होतं. ती थांबण्याची जागा आली...

काहीच नाही.

मग खोकला. त्या माणसाचा. मग तोही नाही.

मेहुणे धावत वर गेले. तो बसलेला होता, जिवंत, तोंड उघडं. बोलत होता, पण आवाज नव्हता. आजही नाही. डॉक्टरांना त्याच्या घशात काही सापडलं नाही.

घरी ताईनं मेहुण्यांचा कोट काढून घेतला. खांद्यावर तळहाताएवढा ओला डाग. तिनं दोनदा धुतला. सगळा उन्हाळा कोट गच्चीवर दोरीला होता. बाकीचा खडखडीत वाळला.

परवा मी त्या डागाला हात लावला...

गरम होता.