काचेची नसलेली काच

खो-खो शिकवणाऱ्या जगदाळे बाईंनी शर्वाणीच्या नव्याकोऱ्या चष्म्यावर नखाने टिचकी मारली. टण् असा बारीक आवाज आला आणि बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही काच आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, चष्म्याला काचच असते ना?"

"तशी नव्हे, खरीखुरी काच. हा चष्मा घालून तुला मैदानात उतरू देणार नाही. संध्याकाळच्या निवड सामन्याला दुसरा चष्मा आण, नाहीतर बाकावर बस."

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओगलेवाडीच्या खो-खो संघात तिच्यासारखा सूर मारणारी दुसरी कोणी नव्हती. साल २०६८ होते, पण खो-खोची माती तीच होती आणि त्या मातीत तोंडावर आपटणेही तेच. बरे, चष्म्याशिवाय खेळावे, तर तिला खांब धुरकट दिसे आणि पळणारी मुलगी म्हणजे नुसता ठिपका. जुन्या चष्म्यावर ओरखडेच ओरखडे होते, म्हणून तर हा नवा आला होता. आता हाही चालत नाही म्हणजे काय?

ती धुसफुसत घरी गेली. उन्मेष आजोबा मागच्या खोलीत जाड काचांचा चष्मा लावून दुर्बिणीचा आरसा घासत बसले होते. त्यांचा सगळा जन्म वेधशाळेत दुर्बिणी घडवण्यात गेला होता.

"आजोबा, माझ्या चष्म्यात खरी काच कोणी घालायला सांगितली?"

"मी," आजोबा मान वर न करता म्हणाले. "आणि तुला विचारून. 'नवी काच टाकूया का?' म्हटलं, तर तू 'टाका' म्हणालीस."

"अहो, चष्म्यात जे असतं त्याला सगळेच काच म्हणतात! प्लास्टिकची असली तरी काच!"

"प्लास्टिकची काच? लाकडाचं लोखंड कधी ऐकलंयस?" आता आजोबांचाही आवाज चढला. "जिथे एके काळी कंदिलांच्या काचा बनत, त्या गावची तू मुलगी. काच म्हणजे काच."

एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले होते, आणि माघार घेणे दोघांच्याही रक्तात नव्हते. शेवटी शर्वाणीने आजोबांना जवळजवळ ओढतच नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नेले.

तिथे भिंगू नावाचा यंत्रमानव चष्मे बनवत असे. दोघांचे भांडण ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "मला रागावता येत नाही. वजन मात्र करता येतं."

त्याने काट्याच्या एका पारड्यात काचेचे भिंग ठेवले आणि दुसऱ्यात तेवढ्याच आकाराचे प्लास्टिकचे. काचेचे पारडे दणकन खाली गेले.

"काचेची घनता (म्हणजे तेवढ्याच जागेत भरलेलं वस्तुमान) प्लास्टिकच्या जवळजवळ दुप्पट असते," भिंगू म्हणाला.

"आजोबांच्या नाकावर खळगे कशाने पडलेत, ते कळलं," शर्वाणी फणकारली.

"पडू देत. माझ्या चष्म्यावर ओरखडा नाही, ते बघ," आजोबा गुरगुरले. "आणि फुटायचं म्हणशील, तर चष्म्याची काच काही पापड नसते. भिंगू, हिच्या नव्या चष्म्यातली एक काच काढ आणि गोळी टाकून बघ. होऊन जाऊ दे."

भिंगूने ती काच जाड काचपेटीत ठेवली आणि वरून पोलादी गोळी सोडली. खळ्ळकन आवाज झाला. अणकुचीदार तुकडे पेटीभर उडाले. मग त्याने पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे भिंग ठेवले. गोळी त्यावर आपटली, उसळली आणि बाजूला पडली. भिंग शाबूत होते.

"काच ताठ असते. घाव बसला की तिला वाकता येत नाही, म्हणून ती तडकते," भिंगूने सांगितले. "या प्लास्टिकचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) लांब साखळ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्या साखळ्या थोड्या सरकतात आणि घाव पचवतात. शिवाय या भिंगात प्रकाशाचं वक्रीभवन (म्हणजे वाकणं) साध्या काचेपेक्षा जास्त होतं. त्यामुळे शर्वाणीच्या मोठ्या नंबरालाही भिंगाच्या कडा कमी जाड लागतात."

आजोबा त्या तुकड्यांकडे बघत राहिले. सूर मारल्यावर शर्वाणीचा चेहरा मातीत कसा आपटतो, ते त्यांनी दर सामन्याला पाहिले होते. त्यांचा राग आता स्वतःकडेच वळला. "एवढ्या दुर्बिणी केल्या आणि एवढं सुचलं नाही मला," ते पुटपुटले.

"बघा!" शर्वाणी म्हणाली. जिंकल्याचा तिला फार आनंद झाला, पण तो टिकला नाही. भिंगूने तिच्या सदऱ्यावरची मैदानाची माती चिमटीत घेतली आणि दोन्ही प्रकारच्या भिंगांवर घासली. काच जवळजवळ जशीच्या तशी राहिली. प्लास्टिकवर रेघोट्या उमटल्या.

"मातीत वाळूचे कण असतात. ते प्लास्टिकपेक्षा खूप कठीण असतात," भिंगू म्हणाला. "तू चष्मा कशाने पुसतेस?"

शर्वाणीने पटकन सदऱ्याचे टोक मुठीत लपवले. म्हणजे जुन्या चष्म्याचे वाटोळे तिनेच केले होते. आता चिडायचे कोणावर, हेच तिला कळेना, आणि त्याचाही तिला राग आला.

"म्हणजे कुठलीच धड नाही," ती म्हणाली.

"काम काय, ते आधी सांगायचं," आजोबा हळूच म्हणाले. "मी दिवसभर आरशावर दगडी पावडर घासतो आणि जागचा हलत नाही. मला काच बरी. तुला आपटायचंय, तुला प्लास्टिक बरं. मी माझ्या नाकाच्या मापाने तुझा चष्मा केला, ही माझी चूक."

"आणि मी न ऐकताच 'टाका' म्हणाले," शर्वाणीने कबूल केले. मग ती भिंगूकडे वळली. "पॉलिकार्बोनेट घाल. ओरखड्यांचं काय?"

"वरून कठीण लेप देतो. ओरखडे कमी पडतील, पण काचेची सर येणार नाही. आधी पाण्याने माती धुवायची, मग मऊ फडक्याने टिपायचं."

"न फुटणारी आणि न ओरखडणारी, अशी एकच काच का नाही कोणी करत?" तिने रागानेच विचारले.

"लोक प्रयत्न करतायत. अजून कोणाला पुरतं जमलेलं नाही," भिंगू म्हणाला.

"मग मी करीन. आजचा सामना होऊ दे."

"माझ्या खोलीत एक टेबल रिकामं करून ठेवतो," आजोबा म्हणाले. ते अजिबात हसत नव्हते.

दिवस कलायच्या आत शर्वाणी मैदानावर हजर झाली. जगदाळे बाईंनी चष्म्यावर टिचकी मारली. या वेळी टक् असा बसका आवाज आला.

"काच बदललीस?" बाईंनी विचारले.

"हो बाई. काच आहे, पण काचेची नाही," शर्वाणी म्हणाली आणि पहिल्याच डावात तिने असा सूर मारला, की तोंड, केस आणि चष्मा सगळे मातीने माखले. सवयीने तिचा हात सदऱ्याच्या टोकाकडे गेला. तो तिने तिथेच थांबवला आणि ती पाण्याच्या नळाकडे धावली.