दोंडाईचा आलं

धरणगावात भुतांच्या गोष्टींचं मंडळ आहे म्हटलं की लोक हसतात. हसू देत बापडे. सहा सभासद उरलेत, वर्षाला एक अंक निघतो, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, वाचनालयाच्या माडीवर बैठक भरते. संपादक सुकदेवनाना, निवृत्त मास्तर. ऱ्हस्व-दीर्घापायी त्यांनी भल्याभल्यांना रडवलंय.

मंडळाचा रिवाज असा, की गोष्ट छापण्याआधी तोंडी सांगायची आणि कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसून एकाने 'हं, हं' असा हुंकारा द्यायचा. ते काम भिकुबाईचं. ती वारली, सतरंजी रिकामी पडली. पुढच्याच बैठकीत अभिमनभाऊ आपल्या काकाची गोष्ट सांगत होते. काका विहिरीच्या काठावर पोचला आणि कोपऱ्यातून हुंकारा आला. घोगरा, खोकल्याचा. मेलेल्या काकाचाच.

दुसरे असते तर पळाले असते. पण ही हौशी माणसं! त्यांनी ताडून पाहिलं. जित्या माणसाच्या गोष्टीला कोपरा गप्प. मेलेल्याच्या गोष्टीला हुंकारा, तोही गोष्टीत त्याचं मरण जवळ आल्यावरच, आणि एखादं वाक्य खोटं पडलं की लगेच बंद.

सहा वर्षांपूर्वी नानांची मुलगी दीपमाला, एकोणीस वर्षांची, घरातून गेली ती गेलीच. पोलीस झाले, भगत झाले. या एप्रिलात नाना बैठकीत उठून उभे राहिले.

"आज मी सांगतो. हुंकारा नाही आला, तर पोर माझी जिवंत आहे. मला एवढंच कळू द्या."

"नाना, नका हो," कोकिळाअक्का म्हणाल्या.

नानांनी ऐकलं नाही. दीपमालाचं बालपण सांगितलं. कोपरा गप्प. लग्नावरून झालेलं भांडण सांगितलं, स्वतः मारलेली थप्पडही सांगितली. गप्प. दुसऱ्या दिवशी ती सुरतेच्या गाडीत बसली, एवढं स्टेशनवरच्या हमालाने पाहिलं होतं. तेही सांगून झालं. गप्प.

"आते बस करा, नाना." अभिमनभाऊंनी डोळे पुसले. "पोर जित्ती शे!"

नाना चक्क हसले. पण गोष्ट अर्धवट सोडायची नाही, हाही मंडळाचाच नियम. पुढचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी नुसती स्टेशनं घेतली.

"अमळनेर गेलं. नरडाणा गेलं. दोंडाईचा आलं."

"हं."

आवाज दीपमालाचा होता.

कोकिळाअक्कांनी तोंडावर पदर दाबला.

"ती तिथे उतरली," नाना म्हणाले.

"हं."

"एकटी."

कोपरा गप्प.

"सोबत कुणी होतं."

"हं."

"परका माणूस."

गप्प.

नानांनी ओठ ओले केले. "आपल्या मंडळातला."

"हं."

पाचांपैकी कुणी उठलं नाही. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. नानांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि दारापासून एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली.